ल्वारकाठचं सोम्यूर: पूर, पूल, पांढरा दगड आणि रोजचं जगणं. फलकांवर काय लिहावं?

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. नदीकाठच्या गावांवर घाटाजवळ एक छोटं प्रदर्शन लावतोय. कोल्हापूरच्या जोडीला फ्रान्समधलं ल्वार नदीवरचं सोम्यूर घेतलं आहे. जिथे बघावं तिथे त्याच्याबद्दल किल्ला आणि वाईन एवढंच लिहिलेलं असतं. मला हवंय ते वेगळं: पुराचा बंदोबस्त कसा केला, पूल वाळूत कसा उभा राहिला, घरं कशाची, होड्या कशा चालायच्या, लोक खातात काय, खेळतात काय. पहिल्या फलकाचं कच्चं वाक्य असं आहे: "सोम्यूरकरांनी ८०० वर्षांपूर्वी नदीला बांध घातले आणि पुरावर मात केली." बरोबर आहे का? शेजारी मुलांसाठी एखादं चालतं मॉडेलही ठेवायचं आहे.

बांधबंदिस्ती
वाक्याचा पहिला अर्धा ठेवा, दुसरा खोडा. बांधांची सुरुवात १२व्या शतकातली, हे खरं. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री हा आंजूचाही (सोम्यूर ज्या प्रांतात येतं त्याचा) सरदार होता. त्याने ११६०च्या दशकात सनद दिली की बांधावर वस्ती करून जे त्याची डागडुजी करतील त्यांना लष्करी चाकरी माफ. देखभालीला पगारी माणूस न ठेवता तिथे राहणाऱ्यालाच जबाबदार धरलं, हा भाग फलकावर जरूर घ्या. पुढे १७व्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात बांध वाढवून उन्हाळी पाणीपातळीच्या वर सुमारे ७ मीटर केले गेले.

गोची इथेच झाली. दोन्हीकडून बांध जवळ आणले की पसरायला जागा उरत नाही, मग तेवढंच पाणी जास्त उंचीने जातं. म्हणून बांध आणखी वाढवायचा. आणि उंच बांध फुटला की पाणी हळूहळू चढत येत नाही, धडाक्याने आत घुसतं. १८४६, १८५६ आणि १८६६ असे २० वर्षांत तीन महापूर आले. जून १८५६ मध्ये सोम्यूरच्या वरच्या अंगाला ला शापेलजवळ उजवा बांध फुटला. पाणी बांधामागच्या ओतियोंच्या सखल खोऱ्यातून थेट आंजे शहराच्या वेशीपर्यंत गेलं आणि त्रेलाझेच्या पाटीच्या दगडाच्या खाणी बुडाल्या. तिसरा नेपोलियन पाहणीला आला तो होडीतून. त्यानंतर कोमॉय नावाच्या अभियंत्याने उलटा सल्ला दिला: बांध वाढवू नका, ठरावीक ठिकाणी मुद्दाम सखल सांडवे ठेवा आणि वरच्या अंगाला धरणं बांधा. सांडवे मोजकेच झाले. मोठं पूरनियंत्रक धरण व्हिलरे येथे १९८०च्या दशकात झालं.

बांध फुटतो कसा, तेही लिहा. वरून पाणी गेलं तर फुटतोच. पण हे बांध जवळच्याच वाळू-गाळाचे, त्यामुळे आतून पाझर सुरू होतो आणि पाणी एकेक कण घेऊन बाहेर पडतं. बिज्जूची नाहीतर सशाची बिळं, कुजलेली मुळं, बांधात घुसवलेल्या घरांच्या भिंती या त्याच्या आयत्या वाटा. मागच्या पायथ्याशी झरा फुटला आणि पाणी गढूळ असेल तर बांध आतून पोखरतोय. तो झरा बुजवायचा नसतो, बुजवला की पाणी दुसरीकडून फुटतं. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचून आतली पातळी चढू द्यायची, जोर कमी होऊन पाणी निवळ येऊ लागलं की थांबायचं. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावावर आपल्याकडे कोल्हापुरात जे वाद होतात, त्यांच्या मुळाशी हेच गणित आहे.

मॉडेलचं सांगतो. सव्वा मीटर लांब, ४० सेंमी रुंद ट्रे घ्या, एक टोक २ सेंमी उचला. ओलसर वाळूत थोडी चिकणमाती मिसळून दोन बांध घाला, मधे २० सेंमी अंतर. नळी एकाच धारेवर सोडून पातळीची खूण करा. मग बांध १० सेंमीवर आणा, धार तीच ठेवा. खूण वर सरकते आणि मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. कोरडी वाळू घेऊ नका, पहिल्याच मिनिटाला ढासळते.

चुना_घाणी
आता दगड. सोम्यूरची घरं, किल्ला, देवळं सगळी तुफो या मऊ, पांढरट चुनखडीची, छपरं आंजेकडच्या काळ्या पाटीच्या दगडाची. अंबाबाईच्या देवळाचा काळा बेसाल्ट डोक्यात ठेवून याच्याकडे बघू नका. तुफोचं निम्म्याच्या जवळपास आकारमान पोकळीचं असतं. खाणीतून ताजा काढला की करवतीने कापता येतो. हलका म्हणून होडीत भरपूर मावायचा, नदीमार्गे नांतला आणि पुढे समुद्रापार जायचा.

पण तो पाणी पितो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, वाळताना क्षार पृष्ठभागाशी साठतात, लोणा लागतो आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. २०व्या शतकात अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा केला गेला. ओल बाहेर पडेना, गिलाव्यामागे दगडाचा भुगा झाला. दुरुस्तीचा नियम साधा आहे: दरजा चुन्यानेच भरायच्या, मसाला दगडापेक्षा मऊ हवा आणि आधी ओलीचं मूळ बंद करायचं. एप्रिल २००१ मध्ये तिथल्या किल्ल्याच्या तटाचा मोठा भाग कोसळला, तेव्हा खालची घरं रिकामी करावी लागली होती.

पुलाचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. ल्वारच्या डाव्या प्रवाहावरचा सेसार पूल (सेसार हा त्याचा अभियंता) १७५६ ते १७७० मधला, १२ कमानींचा. तोवरची रीत अशी: पाण्यात खांबाभोवती बंदिस्त कुंपण घालायचं, आतलं पाणी उपसायचं, कोरड्यात पाया घालायचा. ल्वारच्या वाळूत उपसलं तेवढंच पाणी खालून वर येतं. सेसारने लाकडी खुंट ठोकले, पाण्याखाली चालणाऱ्या यांत्रिक करवतीने ते एका पातळीत कापले, मग मोठी लाकडी पेटी तरंगत आणून तिच्यात दगडकाम सुरू केलं. वजन वाढलं तशी पेटी खाली बसली, नेमकी खुंटांवर. नंतर पेटीच्या बाजू काढून घेतल्या. ही चार पायऱ्यांची चित्रं काढली तर आख्खा फलक होतो.

एक इशाराही जोडा. लाकडी खुंट कायम पाण्याखाली असले तर शतकानुशतके टिकतात, उघडे पडले की कुजतात. २०व्या शतकात ल्वारमधून वाळू बेसुमार उपसली, तळ खचला. एप्रिल १९७८ मध्ये वरच्या अंगाच्या तूर शहरातला असाच जुना दगडी पूल कोसळला. पात्रातला उपसा १९९०च्या दशकात थांबवला.

पेठेतला_पोरगा
होड्यांचं मी सांगतो भावा. ल्वार उथळ, ठिकठिकाणी वाळूचे दांडे. म्हणून होडीचा तळ सपाट, फूट-दीड फूट पाण्यात चालणारा. जाताना प्रवाहाबरोबर, येताना अटलांटिककडून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यावर, भलंमोठं चौकोनी शीड लावून. चार-पाच होड्या एकामागं एक बांधायच्या. पूल आला की डोलकाठी आडवी पाडायची, कमानीतनं गेलं की रहाटानं परत उभी. वारा पडला की आठवडा आठवडा एका जागी. १८४८ ते १८५१ मध्ये तूर, सोम्यूर, आंजे, नांत अशी रेल्वे झाली आणि हा धंदा बसला.

खेळ विचारलास ना? बूल द फोर. लई भारी प्रकार हाय. मैदान सपाट नसतंय, दोन्ही कडा उचललेल्या, मधे खोलगट. गोळा एका बाजूला जड, कडेला लोखंडी पट्टा, त्यामुळं सरळ जातच नाही. खेळाडू बूट काढून सपाता घालून उतरतात, नाहीतर मैदान खराब होतं. खलाशी होडीच्या तळात खेळायचे म्हणून मैदानाला तो बाक, असं तिकडं सांगतात. दंतकथा म्हणूनच लिही.

पंचगंगाकाठ
मनापासून आभार, फलक नव्याने लिहितो. दोन शंका. पूर तिकडेही पावसाळ्यातच येतो का? आणि बाजारहाट, खाणं याबद्दल कुणी सांगेल का? शेवटच्या दिवशी तिथला एक पदार्थ करून वाटायचा विचार आहे. डुकराचं मांस नको.

बांधबंदिस्ती
आपल्यासारखा ठरलेला पावसाळा तिकडे नाही. हिवाळ्यात अटलांटिकच्या पावसाने पाणी चढतं. शिवाय वसंत आणि शरद ऋतूत उगमाकडच्या डोंगरांत वादळी पाऊस होतो. दोन्ही एकत्र आले की महापूर. उन्हाळ्यात मात्र पात्रभर वाळू दिसते. त्या दांड्यांवर कुररी पक्षी अंडी घालतात, म्हणून तेव्हा तिथे चालायला मनाई असते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे त्यांच्या मीटरशेजारी मांडू नका, शून्य वेगळं असल्याने तुलना फसवी होते.

भाकरतुकडा
शनिवारी सकाळी जुन्या गावात सेंट पीटर चर्चच्या चौकात आणि आसपास मोठा बाजार भरतो. मशरूम तिथे अस्सल गावठी माल. तुफो काढून उरलेल्या गुहांमध्ये वर्षभर १२-१३ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा. गावात घोडदळाची शाळा, म्हणजे लीद मुबलक. १९व्या शतकाच्या अखेरीपासून तिथे बटण मशरूम होऊ लागलं: लीद आणि पेंढा कुजवून कंपोस्ट, त्यात स्पॉन (मशरूमचं बियाणं), पांढरे धागे पसरले की वर तुफोच्या भुग्याचा थर. हवा कोंडली तर देठ लांबतात आणि टोपी बारीक राहते. त्याच गुहांत फेसाळ वाईनही मुरते, पण घाटावर तो विषय लांबवू नका.

वाटायला फुए, म्हणजे भट्टीत फुगणाऱ्या छोट्या पोकळ रोट्या, करा. १ किलो मैदा, साधारण ६०० मिली पाणी, १८ ग्रॅम मीठ, ८ ग्रॅम कोरडं यीस्ट. मळून दीड तास झाकून ठेवा. ५० ग्रॅमचे गोळे, लाटी ५ मिलिमीटर जाडीची, पुन्हा १५ मिनिटं ओल्या फडक्याखाली. लाकडाची भट्टी चांगली तापलेली हवी, ३०० अंशांच्या आसपास. दोन मिनिटांच्या आत फुलक्यासारखी टम्म फुगते. फुगली नाही तर भट्टी थंड आहे किंवा लाटी जाड आहे. एका बाजूनेच फुटली तर वरची साय वाळली होती. गरम असतानाच पोट चिरून लोणी आणि लसूण घालून शिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया भरा. तिकडे मांसाशिवायचं सारण म्हणून हेही भरतात. बिया आदल्या रात्री भिजवा, मीठ शेवटी घाला. एवढ्यात अंदाजे ३२ नग होतील.