मदत हवी आहे: मुलाच्या रिपोर्टवर एफ८०.९ कोड

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. "चपला कपाटात ठेव आणि हात धुऊन ये" म्हटलं की तो फक्त हात धुतो. शाळेतलं काही सांगायला गेला की शब्दांपाशी अडतो, रडवेला होतो. मराठीतही तसंच, इंग्रजीतही. ऐकू नीट येतं, तपासून घेतलंय.

स्पीच थेरपिस्टच्या रिपोर्टमध्ये समजणं आणि बोलणं, दोन्हींचे गुण कमी आहेत. तरी कोड टाकलाय एफ८०.९, म्हणजे बोलण्याचा आणि भाषेचा, प्रकार नमूद न केलेला विकार. इन्शुरन्सने क्लेम परत पाठवला. इथल्या आयसीडी-१०-सीएम यादीत (अमेरिकेत निदानासाठी वापरतात त्या कोडची यादी) फक्त बोलण्यातल्या अडचणीसाठी एफ८०.१ आणि दोन्हींसाठी एफ८०.२ आहे. मग आमचा एफ८०.२ नको का?

कोड बदलायला थेरपिस्टना सांगावं की बालरोगतज्ज्ञांना? चाचणी फक्त इंग्रजीत झाली. मराठी येणाऱ्या थेरपिस्टकडून पुन्हा करून घ्यावी का? पैसे मिळावेत म्हणून भलता कोड मला नकोय, त्याला जे आहे तेच कागदावर यावं. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. त्याची थेरपी थांबायला नको.