युद्धातल्या मुलांना आपल्या पोरांनी पत्रं लिहावीत का?

कृष्णाकाठची_बाई (सांगली)
आठवीच्या वर्गाला गाझा आणि युक्रेनमधल्या मुलांना पत्र लिहायला सांगितलं. एका पालकांनी शाळेत येऊन सुनावलं, "हे असले उद्योग कशाला? अभ्यास घ्या." मला वाटतं, दुसऱ्याचं दुःख ओळखणं हाही अभ्यासच. एका मुलानं लिहिलंय : "आमच्या घरात पण २०१९ ला पाणी शिरलं होतं. घाबरू नको, पाणी उतरतं." तुम्हाला काय वाटतं?

हळदबाजार
बाई, राग मानू नका. पाणी आपलं आपण उतरतं. बॉम्ब माणसं टाकतात. त्या पोराला 'उतरेल' म्हणून कुणाच्या भरवशावर सांगायचं?
आणि महापुराचंच बोलायचं तर आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा मदत म्हणून काय काय आलं आठवतंय? फाटके शर्ट, इलॅस्टिक गेलेले गाऊन. आमच्या गल्लीत ढीग पडला होता. देणाऱ्याचं कपाट रिकामं झालं, आम्हाला उपयोग शून्य. ही पत्रं त्यातलीच.

मिरजेची_सून
ढीग आठवतो, मग भाकरी का नाही आठवत? दुष्काळी भागातनं कापडात बांधलेल्या भाकरी आल्या होत्या, वर ठेचा. ज्यांच्याकडं प्यायला टँकर लागतो त्यांनी पाठवलेल्या. मी ती भाकरी खाताना रडले होते, भुकेनं नव्हे.

हळदबाजार
भाकरी खाता आली ना. तेच म्हणतोय मी.

माजी_सुभेदार (सातारा)
आमच्या शेजारच्या अपशिंग्यात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जणांचा दगड आहे. युद्ध काय असतं ते तिथं कुणी शिकवावं लागत नाही. लडाखला असताना कुठल्या कुठल्या शाळांतून राख्या, पत्रं यायची. 'प्रिय सैनिक काका'. निम्म्यांत शुद्धलेखन चुकलेलं. सगळी वाचायचो, दोनदा. बाई, लिहू द्या पोरांना.

हळदबाजार
सुभेदारसाहेब, मान राखून बोलतो. तुमच्या मागं मेस होता, बंदूक होती, पगार होता. त्या पोराकडं यातलं काय आहे? आणि गाझात पत्र पोचवणार कोण?

वळिवडेकर_नातू
मुद्द्याचं बोलतो. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं. पाचगणीतही त्यांचे आजारी लोक ठेवले होते. आमचे पणजोबा छावणीत दूध घालायचे. फुकट नाही हां, रोख पैसे घ्यायचे! पण घरात सांगतात, त्यांनी चार शब्द पोलिश शिकून घेतले होते. धीर वगैरे दिला नसेल. रोज सकाळी वेळेवर गेले, एवढंच.

हळदबाजार
हे पटलं. रोज जाणं वेगळं, एकदा पत्र लिहून हात झटकणं वेगळं.

कृष्णाकाठची_बाई
'पाणी आपलं आपण उतरतं' हे वाक्य नाव न सांगता वर्गात वाचून दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या मुलानं वही मागून घेतली, शेवटची ओळ खोडली आणि खाली लिहिलं : "तुम्ही प्यायचं पाणी कुठून आणता?"
पत्र कुठं द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. त्या पालकांचा मुलगा तोच.