पर्यटकांसाठी पहिली जागा कोणती: गुहागरचे जुने घर, लोणावळ्याचे रो-हाउस की गोव्यातील सदनिका?

सुपारीबाग (पुणे)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी, दोघेही येत्या वर्षभरात नोकरीतून निवृत्त होत आहोत आणि पर्यटकांना राहण्यासाठी जागा भाड्याने देण्याचा व्यवसाय लहान प्रमाणात सुरू करण्याचा आमचा विचार आहे. समोर तीन पर्याय आहेत. गुहागरजवळ आमचे वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे. त्यात दोन चुलतभावांचाही हिस्सा असून सध्या ते गणपतीत आणि मे महिन्यातच उघडले जाते. दुसरा पर्याय लोणावळ्यातील एका रो-हाउसचा आहे, ज्यासाठी सुमारे 40 लाखांचे कर्ज काढावे लागेल. तिसरा म्हणजे कळंगुटच्या आसपास एक बेडरूमची सदनिका घेऊन ती ऑनलाइन संकेतस्थळांवर नोंदवायची. तिची सगळी व्यवस्था पाहणारी एजन्सी मिळवून देऊ, असे दलालाचे म्हणणे आहे. नातवंडाला सांभाळण्यासाठी आम्हाला वर्षातील बराच काळ पुण्यातच राहावे लागणार आहे. अशा परिस्थितीत सुरुवात कोणत्या प्रकारच्या जागेपासून करावी?

माडाची वाडी (मालवण)

पाहुणा कोण येणार आणि त्याच्यासाठी दार कोण उघडणार, या दोन गोष्टी आपण आधी ठरवाव्यात. खिडकीतून समुद्र दिसतो की नाही, हा विचार त्यानंतरचा आहे. आमच्याकडे मालवण-तारकर्लीला येणारा पाहुणा मासे खाण्यासाठी आणि स्कूबा डायव्हिंगसाठी येतो. गुहागरचे तसे नाही. तेथे येणाऱ्यांत व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवीचा गणपती अशी देवस्थाने आणि कुलदैवते करण्यासाठी निघालेली कुटुंबे पुष्कळ असतात आणि त्यांच्याबरोबर वयस्कर माणसे असतात. मे महिन्यातील उकाड्यामुळे वातानुकूलनाची चौकशी हल्ली बहुतेक जण करतात हे खरे, परंतु खोलीला लागून असलेले कमोडचे शौचालय, गरम पाणी आणि अंगणापर्यंत येणारी गाडी या सोयी अशा कुटुंबांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या असतात. सकाळी घावने-चटणी आणि दुपारी साधे शाकाहारी जेवण वेळेवर मिळाले, तर हीच मंडळी पुढे आपल्या नातेवाइकांना पाठवतात, आणि या व्यवसायात त्याहून चांगली जाहिरात मला तरी माहीत नाही.

जुने घर पाडून नवे बांधण्याच्या फंदात मात्र पडू नये. माजघर, पडवी आणि ओटी तशीच ठेवून दोन खोल्या स्वतंत्र न्हाणीघरांसह तयार केल्या, तर सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे. आपण पुण्यात राहणार असल्यामुळे गावातीलच एखाद्या जोडप्याला महिन्याच्या ठरलेल्या पगारावर नेमावे आणि शिवाय प्रत्येक मुक्कामामागे काही रक्कम द्यावी. केवळ पगारावर ठेवलेला माणूस रात्री अकराला पोहोचणाऱ्या पाहुण्यासाठी चूल पेटवत नाही. जून ते सप्टेंबर पाहुणे कमी असले तरी घर रोज उघडावे लागते, अन्यथा गाद्यांना बुरशी येते आणि लाकडाला वाळवी लागते. आपले घर सध्या वर्षातील बहुतेक काळ बंदच असते, हे लक्षात घेतल्यास ती देखभाल आपल्याला कधीतरी करावीच लागणार आहे.

घाटमाथा

मी लोणावळ्यातील काही बंगल्यांची देखभाल पाहतो, म्हणून दुसऱ्या पर्यायापुरतेच लिहितो. लोणावळ्याचा फायदा असा की कोकण थंडावते तेव्हा, म्हणजे पावसाळ्यात, येथील हंगाम भरात असतो, आणि पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येते. तोटा असा की सोमवार ते गुरुवार जागा बहुधा रिकामी राहते आणि शनिवारी येणारा पाहुणा म्हणजे बऱ्याचदा मित्रांचा मोठा गट असतो, ज्याला पोहण्याचा तलाव आणि रात्रभर संगीत हवे असते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास कायद्याने मनाई आहे, रो-हाउसची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असते, आणि शेजाऱ्याची तक्रार आली की पोलीस मालकालाच फोन करतात. स्वतंत्र कुंपण असलेला बंगला असता तर मी वेगळे मत दिले असते. रो-हाउस या धंद्याला सोयीचे नाही.

ताळेबंद

मी कर सल्लागार आहे, त्यामुळे आकड्यांकडे प्रथम लक्ष जाते. 40 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 15 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 40,500 रुपये, म्हणजे वर्षाला साधारण 4 लाख 86 हजार रुपये होतो. आता गुहागरच्या दोन खोल्या 2,500 रुपये दराने वर्षातून 90 रात्री भरल्या असे गृहीत धरा. एकूण जमा 4 लाख 50 हजार होते आणि त्यातून पगार, वीज, धुलाई व दुरुस्ती वजा करायची असते. लोणावळ्यात दर जास्त मिळेल, हे मान्य. परंतु हप्ता बारा महिने समान असतो, उत्पन्न हंगामी असते आणि पगार बंद झालेला असतो, तेव्हा पहिल्याच जागेसाठी कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीएसटीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. आपली वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि संकेतस्थळामार्फत खोली दिल्यास नोंदणी नसलेल्या मालकाच्या वतीने हा कर ते संकेतस्थळच भरते. खरी अडचण सहहिस्सेदारांची आहे. आज बंद असलेल्या घराबद्दल कोणी बोलत नाही, पण त्यातून उत्पन्न सुरू झाले की वाट्याचा विषय निघतोच. म्हणून सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टीचा उतारा) यांवरील नावे तपासून, खर्च कोणी करायचा, उत्पन्न कसे वाटायचे आणि करार किती वर्षांचा, हे सर्व नमूद केलेले संमतिपत्र एकही वीट हलवण्यापूर्वी नोंदणीकृत करून घ्यावे. घर समुद्राजवळ असल्यास किनारा नियमन क्षेत्राचे नियमही पाहावेत. 2019 च्या अधिसूचनेत स्थानिकांना राहत्या घरात पाहुणे ठेवण्यास वाव दिला आहे, मात्र घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग न बदलण्याच्या अटीवर.

मांडवीकाठ

गोव्याबद्दल थोडेसे. सदनिका पर्यटकांना द्यायची असेल तर 1982 च्या पर्यटन व्यापार नोंदणी कायद्यानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, आणि परदेशी पाहुणा आल्यास 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. गोव्यात पाहुणा बाराही महिने मिळतो, परंतु कळंगुट-कांदोळी पट्ट्यात आपल्यासारख्याच सदनिका इतक्या आहेत की शेवटी स्पर्धा केवळ दराची उरते. एजन्सीचे शुल्क, सोसायटीचा देखभाल खर्च आणि फर्निचरची झीज वजा करून हातात काय राहते, याचा लेखी हिशेब दलालाकडे मागून पाहावा. सोसायटी अल्प मुदतीच्या भाडेकरूंना परवानगी देते का, हेही व्यवहारापूर्वीच विचारावे.

सुपारीबाग (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुहागरपासूनच सुरुवात करावी, असे आता वाटू लागले आहे. चुलतभावांशी बोलण्यापूर्वी घरात आणखी काय तपासावे?

माडाची वाडी (मालवण)

पाणी. कोकणात धो धो पाऊस पडत असला तरी उतारावरच्या वाड्यांतील विहिरी एप्रिलच्या अखेरीस तळ गाठतात, आणि आपला सर्वांत मोठा हंगाम नेमका मे महिन्यात असतो. शहरातून आलेले सहा जणांचे कुटुंब दिवसाला किती पाणी वापरते, हे अनुभवाशिवाय कळत नाही. म्हणून आपली विहीर भर उन्हाळ्यात स्वतः जाऊन पाहावी आणि ती पुरेशी नसल्यास टाकी व टँकरचा खर्च हिशेबात धरावा. विजेसाठी इन्व्हर्टर लागेलच.

दुसरे म्हणजे गणपतीचे दिवस. चतुर्थीपासून गौरी-विसर्जनापर्यंत घर आपल्या माणसांनी भरलेले असणार, तेव्हा त्या काळात एकही आरक्षण घेऊ नये. मे महिन्यातील कोणते दिवस कुटुंबासाठी राखायचे, हे चुलतभावांना आधी विचारावे, कारण भाड्याचे सर्वाधिक उत्पन्न त्याच दिवसांत मिळते आणि त्यांच्या मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात. हे दिवस संमतिपत्रातच तारखांनिशी लिहून घ्यावेत.