१७-४ पीएच शाफ्टला की-वे मारताना ५ मिमी कार्बाइड एंडमिल टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. सध्या पंपाच्या ६० शाफ्टचं काम हातात आहे. व्यास २० मिमी, लांबी ३८०, मटेरियल १७-४ पीएच (तापवून कडक करता येणारं स्टेनलेस स्टील). पार्टीकडून एच९०० एजिंग (तापवून कडक करण्याची प्रक्रिया) होऊनच येतात, हार्डनेस तपासून घेतला तर ४२ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) भरला. ६ मिमी रुंद, ३.५ खोल आणि २८ लांब की-वे (की बसवायची खाच) मारायचा आहे. रुंदीला पी९ टॉलरन्स म्हणजे ५.९५८ ते ५.९८८.

१८ शाफ्टला ५ कटर (एंडमिल) गेले. एक कटर ८०० रुपयांचा, म्हणजे मजुरीतलं काही उरतच नाही. पण पैशापेक्षा जॉबची काळजी जास्त आहे. शाफ्ट पार्टीचे आहेत, एक जरी बिघडला तरी भरून द्यावा लागेल.

मशीन जुनं टरेट मिलिंग, टेबलला पॉवर फीड आहे. कटर चार धारांचा, टीआयएएलएन (टायटॅनियम-अॅल्युमिनियम नायट्राइड) कोटिंगचा. स्पीड मिनिटाला १७५० फेरे, फीड मिनिटाला ४० मिमी. दर पासला अर्धा मिमी खाली जातो, मग दोन्ही बाजू थोड्या थोड्या काढून साईज आणतो. कटिंग ऑइल ब्रशने लावतो. पहिले दोन शाफ्ट छान निघतात. तिसऱ्याला आवाज बदलतो, कर्कश होतो, काठावर बर (धातूची बारीक कोर) यायला लागतो. कटर काढून भिंगातून पाहिला तर खालचा कोपरा उडालेला, तोही चारपैकी एकाच धारेचा. बाकीच्या तिन्ही जवळपास नव्यासारख्या. कटर नरम वाटले म्हणून ब्रँड बदलला, तरी तेच.

स्पीड आणखी कमी करू का? कुणी हे मटेरियल रोज मारत असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

दादा, स्पीड कमी करू नका, आधी डायल (हललेलं माप दाखवणारं घड्याळ) लावा. एकच धार खराब होतेय हेच तुमचं उत्तर आहे. तुमचा हिशोब बघा: १७५० गुणिले ४ धारा म्हणजे मिनिटाला ७००० दात, त्यात ४० मिमी. एका दाताच्या वाट्याला जेमतेम ०.००६ मिमी येतात. एवढ्यात धार कापत नाही, घासते. त्यात कॉलेटमध्ये (कटर धरणाऱ्या चिमटीत) ०.०३ रनआउट, म्हणजे कटर लंगडा फिरत असला तर सगळं काम एकाच दातावर पडतं. कटरच्या शँकवर, धारांच्या लगेच वर डायल टेकवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. रीडिंग इथे टाका.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. आणखी दोन गोष्टी.

ब्रशने ऑइल लावणं बंद करा. तापलेल्या कार्बाइडवर मधूनच थंड तेल पडलं की धारेला बारीक चिरा जातात. हे कोटिंग उष्णता सहन करतं, त्याला कोरडं चालवा आणि बारीक नळीने हवा सोडा. हवा महत्त्वाची आहे, कारण खाचेतली चिप बाहेर गेली नाही तर कटर तीच पुन्हा कापत बसतो.

दुसरं, चौकोनी कोपऱ्याऐवजी ०.२ रेडियसचा एंडमिल घ्या. ६ मिमीच्या की-साठी खाचेच्या तळाला ०.१६ ते ०.२५ रेडियस चालतो, तरी ड्रॉइंग एकदा बघून घ्या. टोकदार कोपरा सगळ्यात आधी जातो, तो ठेवायचाच कशाला?

प्रतिसाद ३

सरळ खाली घुसवता का? तसं करत असाल तर टेबल चालू ठेवून तिरकं उतरवा. पुढच्या ऑर्डरला पार्टीशी बोलून बघा, एजिंगच्या आधी की-वे मारता आला तर धारेवरचा ताण कमी होतो. एच९०० ला मटेरियल ०.०४ ते ०.०६ टक्के आकसतं. ६ मिमी रुंदीत ते ०.००३ च्या आसपास, पी९ मध्ये सहज बसतं. लांबीला मात्र ३८० वर ०.१५ ते ०.२३ जाईल, ते आधी धरायला हवं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. डायल लावला, ०.०३५ निघाला! कॉलेट काढून चिंधीने पुसला तर आतल्या एका खाचेत नखाएवढीसुद्धा नाही अशी चपटी चिप चिकटलेली, आणि तिने तोंडाजवळ ओरखडा पाडलेला. स्पिंडलचा टेपर धुतला, नवीन कॉलेट घातला, कटर जमेल तेवढा आत घेतला. आता ०.००८ आहे.

बेल्ट सरकवून स्पीड २७२० केला, फीड १५०. फीड वाढवताना हात थरथरला, पण आवाज एकदम भरीव आला. कॉम्प्रेसरची नळी मॅग्नेटवर बांधली. ०.२ रेडियसचे कटर सांगलीत मिळाले.

एका कटरवर आज ११ शाफ्ट झाले आणि चारही धारा सारख्याच झिजल्या आहेत. एक अडचण उरली: रुंदी वर ५.९७५ आणि तळाशी ५.९६४ लागते. साईजमध्ये आहे, पण की खाली बसताना अडते. बाजूचा शेवटचा पास पूर्ण खोलीवर एकदाच घ्यावा, की दोनदा त्याच मापावर फिरवावा?

प्रतिसाद १

दोनदा, माप न बदलता. पहिल्या पासला कटर वाकतो, दुसऱ्याला सरळ होऊन राहिलेलं काढतो. दुसऱ्या पासाला फीड कमी करू नका, नाहीतर पुन्हा घासेल.