धाकटा भाऊ दात घासू देत नाही, हिरड्यांतून रक्त येतं – मदत हवी आहे

शेवंती

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. तिशी ओलांडली आहे. बोलतो मोजकंच, समजतं मात्र बरंच. इतकी वर्षं त्याचं सगळं आई बघायची. आता तिचे हात थरथरतात, म्हणून दात घासायचं काम माझ्याकडे आलंय आणि तिथेच गाडी अडली आहे.

तो ब्रश स्वतः धरतो, पुढच्या दातांवर दोनदा फिरवतो आणि 'झालं' म्हणून मोकळा होतो. दाढांपर्यंत ब्रश पोचतच नाही. मी हातात घेतला की ओठ घट्ट मिटतो, नाहीतर ब्रशच चावून धरतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला पिवळं कीटण साचलंय. हिरड्या लालभडक, जरा ब्रश लागला की रक्त. रक्त दिसलं की आई म्हणते, "राहू दे गं आजचा दिवस."

एका दंतवैद्यांकडे नेऊन आणलं. खुर्ची मागे झुकताच तो उठून बसला. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले की अशा पेशंटला पूर्ण भूल द्यावी लागते, त्यातच हलणारे दात काढून टाकू. भुलीला माझा विरोध नाही. पण तोंडात आरसाही न घालता कुठले दात काढायचे हे कसं ठरलं, ते कळलं नाही.

दुसरी गोष्ट. हल्ली तो रात्री उठून बसतो आणि उजव्या गालावर स्वतःच चापट्या मारतो. घरात सगळे म्हणतात, वय वाढतंय तसा हट्टी होतोय. मला वाटतं त्याचा दात दुखतोय. त्याला विचारलं तर 'हो' म्हणतो, पण 'दुखत नाही ना?' विचारलं तरी 'हो'च म्हणतो!

लहानपणी हृदयाचं छिद्र शस्त्रक्रियेने बुजवलंय. थायरॉइडची गोळी चालू आहे. झटके वगैरे काही नाहीत.

रोजचे दात त्याच्याशी मारामारी न करता कसे घासावेत? पूर्ण भुलीच्या अलीकडे काही पर्याय असतो का? ज्यांनी हे घरी केलंय किंवा ज्यांचं हे कामच आहे, त्यांनी कृपया लिहा. 'प्रेमाने समजवा' सोडून काहीही चालेल.

निवांत

शेवटच्या वाक्याला +१.

माझा मुलगा स्वमग्न आहे, बौद्धिक अक्षमताही आहे. आता माझ्यापेक्षा उंच झालाय. आमचं घोडं ज्याने पुढे सरकलं ते सांगते.

बेसिनसमोर उभं करणं आधी बंद केलं. तो खुर्चीत बसतो, मी मागे उभी राहते, त्याचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं. मागून ओठ बोटाने हलकेच बाजूला करता येतो आणि दाढाही दिसतात. समोरून ब्रश घेऊन चेहऱ्यावर चाल करून गेलं तर कुणीही तोंड मिटेलच ना. फक्त मान फार मागे टाकू नका, ठसका लागतो.

पेस्टची चव हे आमच्याकडे अर्धं कारण होतं. पुदिन्याचा झणका आणि तोंडभर फेस, दोन्ही त्याला सहन होत नव्हतं. बिनचवीची, फेस न येणारी पेस्ट मिळते. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणारं रसायन नसतं. पण फ्लोराइड आहे ना, ते वेष्टनावर बघूनच घ्या.

आणि दोन ब्रश. एक त्याला चावायला, तो एका बाजूच्या दाढांमध्ये धरतो, तेवढ्यात दुसऱ्या ब्रशने मी दुसरी बाजू घासते. दातांच्या मधे बोट कधीही घालू नका. जोरात मिटलं तर बोट जायबंदी होईल.

सुरुवातीला पूर्ण तोंड घासायचा आग्रह धरलाच नाही. ब्रश ओठांना लावला, दहापर्यंत मोजलं, थांबले. दहा म्हटलं की मी थांबते हे त्याला पटायला वेळ लागला, पण पटल्यावर दहाचे वीस झाले. दहाच्या आधी थांबायचं नाही आणि अकरावर ढकलायचंही नाही. एकदा फसवलंत की पहिल्यापासून सुरुवात.

कडूलिंब

मी दंतवैद्य आहे, विशेष गरजा असलेल्या रुग्णांबरोबर काम करतो.

आधी गालावरच्या चापट्या. बोलून सांगता न येणाऱ्या माणसाचं वागणं बदललं तर दुखणं नाही हे सिद्ध होईपर्यंत दुखतंय असंच धरायचं. एकाच बाजूने चावणं, गार काही नको म्हणणं, सतत तोंडात हात, लाळ वाढणं, रात्रीची झोप मोडणं, स्वतःला मारणं या सगळ्यामागे दाढ असू शकते. 'हा त्याच्या आजाराचाच भाग' म्हणून सोडून दिलेल्या किती दाढा शेवटी पू होऊन येतात, ते मी बघतो. (चापट्या मारण्यामागे कानही असू शकतो, तोही एकदा तपासून घ्या.) गालावर सूज आली, ताप आला किंवा गिळता येईना, तर वेळ ठरवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

रक्ताबद्दल आईंना सांगा की रक्त ब्रशमुळे येत नाही. हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी स्पर्शाने रक्ताळते. घासणं थांबवलं की थर वाढतो, रक्तही वाढतं. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून हळू घासलं तर साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरायला लागते. कीटण मात्र ब्रशने निघत नाही, त्याला स्केलिंगच (दवाखान्यात खरवडून काढणं) लागतं.

डाऊन सिंड्रोममध्ये याची घाई जास्त. कीड बऱ्याचदा कमी दिसते, त्यामुळे 'दात छान आहेत' असं घरच्यांना वाटत राहतं. पण प्रतिकारशक्तीतल्या फरकांमुळे हिरड्यांचा आजार लवकर सुरू होतो आणि वेगाने हाडापर्यंत जातो. त्यात दातांची मुळं पुष्कळदा आखूड, म्हणून दात लवकर हलतात. हलणारा प्रत्येक दात काढावा लागतो असं नाही. एक्स-रे काढून आणि दात-हिरडीमधली फट मोजल्यावरच ते ठरतं, तुमचा प्रश्न रास्त आहे.

भुलीच्या अलीकडे बरंच काही आहे. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसायचं, दुसऱ्या भेटीत आरसा, मग दात मोजणं. आधी सांगायचं, मग त्याच्या बोटावर करून दाखवायचं, मग तोंडात करायचं. खुर्ची झुकलेली चालत नसेल तर सरळ बसवून तपासता येतं. त्याने भागलं नाही तर नाकावाटे नायट्रस ऑक्साइड (जागं ठेवूनच भीती कमी करणारा वायू), त्यापुढे गुंगीचं औषध. पूर्ण भूल शेवटची. पण दाढ ठणकत असेल आणि तो तोंडच उघडत नसेल, तर महिनोन्‌महिने सवय लावत बसणं हाही अन्यायच. तेव्हा भूल खुशाल घ्या आणि एक्स-रे, स्केलिंग, भरणं, काढणं सगळं त्याच वेळी उरकायला सांगा. भूलतज्ज्ञांना डाऊन सिंड्रोम आधीच कळवा. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात आणि श्वासमार्ग अरुंद असतो.

हृदयाचं म्हणाल तर, छिद्र पूर्ण बुजलं असेल तर स्केलिंगआधी प्रतिजैविक सहसा लागत नाही. छिद्रावर लावलेल्या ठिगळाजवळ गळती राहिली असेल, कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या अस्तराला आधी संसर्ग झाला असेल तर लागतं. हृदयतज्ज्ञांकडून दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. ते नसलं की बरेच दंतवैद्य हातच लावत नाहीत.

भटकी

इलेक्ट्रिक ब्रश घ्या, प्रश्न मिटला.

कडूलिंब

काहींना त्याची गुदगुली आवडते, काही जण आवाजानेच पळतात. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या तोंडाच्या स्वच्छतेवर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा २०१९ चा आढावा आहे. त्यात इलेक्ट्रिक आणि साध्या ब्रशमध्ये फारसा फरक दिसला नाही. काळजी घेणाऱ्याने खास आकाराचा, दात एकदम सगळीकडून घासणारा ब्रश वापरल्यावर मात्र हिरड्यांची सूज कमी झाल्याचं दिसलं. पुरावा तसा कच्चा आहे, पण तीन बाजूंनी केस असलेला ब्रश चावून धरणाऱ्यांसाठी मला सोयीचा वाटतो. चावला तरी तो घासतोच!

सांजवात

मी प्रौढांच्या निवासी संस्थेत काळजीवाहक आहे. धागाकर्तीला लागू नसेल, पण पुढे कुणी वाचेल म्हणून लिहिते. झटक्यांसाठी फेनिटॉइन चालू असेल तर हिरड्या फुगून दातांवर चढतात. गोड सिरप रात्री झोपताना दिलं की साखर रात्रभर दातांवर राहते, बिनसाखरेचं आहे का विचारा. मनोविकारावरच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं आणि कीड झपाट्याने वाढते. शाबासकी म्हणून गोळ्या-चॉकलेट देणारे नातेवाईक हा वेगळाच विषय, त्यावर बोलले तर धागा भरकटेल.

आणखी एक. ब्रश त्याच्या हातातून काढून घेऊ नका. आधी त्याला घासू दे, मग 'आता माझी पाळी'. कधी त्याच्या हातावर हात ठेवून ब्रश दाढेपर्यंत न्या. तिशीतला माणूस आहे, त्याचं तोंड त्याचं आहे.

शेवंती

सगळ्यांचे आभार. मागे उभं राहून घासणं सुरू केलंय. डावी बाजू देतो, उजवीकडे गेलं की डोकं काढून घेतो, म्हणजे शंका खरी दिसतेय. दुसऱ्या दंतवैद्यांशी फोनवर बोलले, सकाळची पहिली वेळ दिली आहे आणि प्रतीक्षालयात बसवणार नाही म्हणाल्या. हृदयाचे जुने कागद शोधतेय.

@कडूलिंब, एकाने क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशक) माउथवॉश सुचवलाय. उजवी बाजू घासताच येत नाही तोवर तो देऊ का? त्याला चूळ भरता येत नाही, गिळून टाकतो.

कडूलिंब

मग माउथवॉश तोंडात देऊ नका. त्याचंच जेल मिळतं, ते मऊ ब्रशला किंवा गॉझला लावून उजव्या हिरडीवर फिरवता येईल. पण किती आणि किती दिवस हे तपासल्यानंतर त्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. फार दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बिघडते. टूथपेस्टनंतर लगेच लावू नका, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधला फेस त्याचा परिणाम मारतो. तो चूळ भरत नाही हे पेस्टच्या बाबतीत फायद्याचंच आहे. घासल्यावर फक्त थुंकायला शिकवा किंवा पुसून घ्या, पाणी नको, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. पेस्ट १४५० पीपीएम फ्लोराइडच्या आसपासची, वाटाण्याएवढी पुरे. थुंकत नसेल तर त्याहून कमी, नुसता पातळ थर.