पळता पळता दिशा बदलायला कसं शिकवावं? (पहिली-दुसरी)

गुहागरची_बाई
पहिली-दुसरीची मिळून २४ मुलं, जांभ्याचं मैदान, ३५ मिनिटांचा तास. शिट्टीवर वळायला सांगितलं की काही जण जागीच थांबतात, काही मोठा फेरा मारून वळतात आणि दोघंतिघं घसरतात. पुढे खो-खो शिकवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

दापोलीकर
बाई, आधी पळणं बंद करा. चालत वळता आलं की मग दुडक्या चालीने, आणि शेवटी पळत.

मूल घसरतं कारण ते ताठ उभं असतं आणि वळताना पाय लांब पुढे टाकून टाच टेकवतं. पाय अडतो, अंग पुढेच जात राहतं. फेरा मारणाऱ्याचं उलट असतं, त्याचा वेग कमीच होत नाही. उपाय दोघांनाही एकच: वळणाआधीची दोन-तीन पावलं छोटी, गुडघे वाकलेले, भार चवड्यावर. मग बाहेरचा पाय अंगापासून थोडा लांब रोवून जमीन ढकलायची. डावीकडे जायचं तर उजवा पाय. नजर आधी वळवायची, खांदे मागोमाग येतात. पायांकडे बघणारं मूल वळत नाही, अडखळतं.

डावं-उजवं या वयात गोंधळतं. उजव्या पायाला लाल आणि डाव्याला पिवळी लोकर सैलसर बांधा आणि "लाल रोव!" असं ओरडा.

सहा-सहाच्या चार ओळी करा. प्रत्येक ओळीपुढे तीन-तीन मीटरवर पाच करवंट्या नागमोडी मांडा. आधी तिरकं वळण, ते बसल्यावर काटकोन. उलटं फिरणं सगळ्यांत शेवटी.

चवडा
करवंट्या नकोत! पालथ्या करवंटीवर पाय पडला की घोटा मुरगळलाच. फक्कीची वर्तुळं काढा. आणि तासाआधी मैदान झाडून घ्या. कठीण जांभ्यावर सुटी बारीक खडी असली की ती पायाखाली गोळ्यांसारखी फिरते, मग तंत्र कितीही बरोबर असो. शेवाळ धरलेल्या कातळावर हा सराव अजिबात नको.

मालवण_किनारा
समुद्र जवळ असेल तर ओहोटीला मागे राहिलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर एक तास घ्या. ठसे सगळं सांगतात. पाय नीट रोवला असेल तर बाहेरच्या पायाच्या ठशात आतली कड, अंगठ्याकडची, जास्त खोल दिसते. टाचेचाच खड्डा असेल तर मूल ताठ आहे. मुलांनाच आपापला ठसा शोधू द्या, सांगण्यापेक्षा लवकर कळतं. कोरडी भुसभुशीत वाळू टाळा, पाय रुततो आणि ढकलणं जमत नाही. शिंपले, काचा आधी वेचा. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा गेल्या आठवड्याची वेळ धरून निघू नका.

गुहागरची_बाई
लोकर आणि फक्की, दोन्ही उद्याच. शिट्टीचं काय करू?

दापोलीकर
पहिले काही तास शिट्टी नकोच, वळायची जागा ठरलेली असू दे. ते अंगवळणी पडलं की हाताने दिशा दाखवा, म्हणजे मान वर राहील. मग शेपटी-पकड: कमरेला मागे रुमाल खोचायचा, दुसऱ्याचा ओढायचा आणि आपला वाचवायचा. एका वेळी आठच मुलं, २० सेकंदांचा डाव, मग बदली. सगळी २४ एकदम सोडली तर डोकी आपटतील.

खो-खोबद्दल एक. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही. त्यामुळे हुलकावणीचा सराव पळणाऱ्याला हवा आणि पाठलाग करणाऱ्याला खांबाला वळसा घालण्याचा. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी घ्या.