क्रॅबेट पार्कमध्ये पोनीही होते

क्रॅबेट पार्क म्हटलं की सगळे तिथल्या अरबी घोड्यांबद्दलच लिहितात, पण तिथे पोनीही (ठेंगणे घोडे) होते हे कोणी सांगत नाही म्हणून थोडी भर घालतो.

इंग्लंडच्या ससेक्समधल्या क्रॉलीजवळचा हा बंगला. इंग्रज कवी विल्फ्रिड ब्लंट आणि त्याची बायको लेडी अ‍ॅन (कवी बायरनची नात, पहिली संगणक प्रोग्रामर मानली जाणाऱ्या एडा लव्हलेसची मुलगी, काय घराणं बघा!) यांनी 1878 मध्ये इथे अरबी घोड्यांची पैदास सुरू केली. पुढे नवराबायकोचं बिनसलं, 1906 मध्ये घोड्यांची चक्क वाटणी झाली, आणि 1917 मध्ये अ‍ॅन गेल्यावर घोड्यांवरून बाप विरुद्ध मुलगी कोर्टबाजी. 1920 मध्ये निकाल लागला तो बापाच्या विरोधात, नातींच्या बाजूने.

बापाशी भांडलेली ही मुलगी म्हणजे लेडी वेंटवर्थ, आणि वेल्श (वेल्समधल्या जातीच्या) पोनींचा नाद तिचा. डायोल स्टारलाईट हा 1894 चा, त्या जातीतला अगदी नावाजलेला पांढरा पोनी तो म्हातारा झाल्यावर तिने विकत घेतला आणि नंतर स्पेनला विकून टाकला. मूळ मालकाच्या जिवाला काय वाटलं असेल! बाई घोड्यांची पारखी होती हे मान्य, पण हे काही मला पटलेलं नाही.

1957 मध्ये ती वारली, 1971 पर्यंत पैदास कशीबशी चालली, मग इस्टेटीतून एम-23 मोटरवे गेला आणि सगळंच आटोपलं. बंगला आहे अजून, पण त्यात नंतर ऑफिसं आली.